‘आम्ही’ म्हणू नका

लॅपटॉपखाली जुन्या डिरेक्टरीचे दोन खंड,
कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून.
पंखा बंद. त्याची खरखर जिनिव्हापर्यंत जाते.
खाली दांडिया बाजारात कुणीतरी
स्कूटरला किक मारतंय, मारतंय, मारतंय.
दाराआड स्टुलावर बाबा, हातात स्टॉपवॉच.
प्रतापनगर वर्कशॉपात एकतीस वर्षं टाइमकीपर होते.
एका उत्तराला दोन मिनिटं. वर एक सेकंद नाही.

पडद्यावर तिघं.
एकीच्या मागे बर्फ, एकाच्या मागे पुस्तकं,
तिसऱ्याचा कॅमेरा बंद, नुसती आद्याक्षरं.

‘मिस पेज,’ बर्फवाली म्हणते.
पागे. असू दे.
‘अशी एखादी वेळ सांगा,
जेव्हा सहकाऱ्यांत मतभेद झाले
आणि तुम्ही मार्ग काढलात.’

महिनाभर घोकलंय, पाढ्याच्या चालीवर:
आधी परिस्थिती, मग जबाबदारी,
मग कृती, मग निष्पत्ती.
सुरू करते.
विश्वामित्री फुगली त्या रात्री आम्ही

‘थांबवते हं,’ ती गोड हसून म्हणते,
‘आम्ही म्हणू नका. मी म्हणा.
नेमकं तुम्ही काय केलंत?’

बाई गं,
तुझ्याकडे त्याला एकच शब्द आहे.
माझ्याकडे दोन:
आम्ही, ज्यात तू नाहीस,
आणि आपण, ज्यात तूही आलीस,
वेळ पडली तर मगरसुद्धा.

नेमकं मी?
होडी इलियासभाईची.
बागेतल्या तळ्यातली, पायडलची, हंसाच्या आकाराची,
तासाला चाळीस रुपये भाड्याची.
पायडल मारत होता तो आणि जसुबेन वसावा.
मी मध्ये, मांडीवर वही,
हातात बॅटरी. हात हलत होता.
जसुबेन ओरडली, ‘सरखी पकड ने!’
ती सरळ धरली.
ही माझी कृती.

मतभेद असा, की
जसुबेन म्हणत होती, आधी डावीकडे, पत्र्याच्या वस्तीत.
इलियासभाई म्हणत होता, आधी उजवीकडे,
तिथे एक बाळंतीण गच्चीवर आहे.
मी दोघांचं ऐकून घेतलं. नाही,
ऐकूच येत नव्हतं, पाणी इतकं होतं.
डाव्या गल्लीच्या तोंडाशी मगर पडली होती,
ओट्यावर हनुवटी टेकून, भाडेकरूसारखी.
आम्ही उजवीकडे वळलो.

डावीकडे पोचलो तेव्हा उजाडत होतं.
एकोणीस माणसं, एक शेळी.
सोमाभाईंचं नाव मी यादीत लिहिलं,
खोडलं,
पुन्हा लिहिलं.
या रकान्याला निष्पत्ती म्हणतात का,
विचारावंसं वाटलं.

तोंडाने मात्र सांगितलं:
मी पर्याय पडताळले.
मी जोखीम तोलली.
मी दोन्ही बाजूंना विश्वासात घेतलं.
मी निर्णय घेतला.
पुस्तकवाला मान डोलवत लिहीत होता.
आद्याक्षरांनी एकदा खाकरलं.

पुढचा प्रश्न विविधतेचा आदर.
त्याचंही उत्तर पाठ होतं, दिलं.
खरं तर इतकंच आठवतं,
की हंसात दोघांची जागा होती
आणि तिघं बसलो होतो,
आणि इलियासभाईने खिशातली बिस्किटं काढून
आधी जसुबेनला विचारलं होतं,
आज उपास नाही ना तुझा?

शेवटी बर्फवाली म्हणाली,
‘आभारी आहोत. आम्ही कळवू.’
आम्ही.
मग तिघं एकेक करून विझले.

बाबा आत आले. पंखा लावला.
‘पहिलं उत्तर एक मिनिट चोपन्न,’ म्हणाले.
स्टॉपवॉच मागच्या बाजूने धोतराला पुसलं,
उगाच किल्ली दिली,
आणि जाता जाता,
वर्कशॉपाच्या फाटकात विचारत असतील तसं,
‘इलियासची हजेरी
कुणी मांडली नाही वाटतं?’

खाली स्कूटर एकदाची सुरू झाली.